अर्धपोटी विरजण

वेंगुर्ल्यात लोकरीचे मोजे विकणारं दुकान नाही, ही गोष्ट केळुसकरांच्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी लक्षात आली. सुलक्षणाने सगळा बाजार पालथा घातला आणि शेवटी एक कानटोपी घेऊन घरी आली.

"ही दुकानदाराने स्वतःचीच दिली," ती म्हणाली. "लग्नानंतर काश्मीरला गेला होता म्हणे. तेव्हापासून कपाटात पडून होती."

शर्वाणीने कानटोपी डोक्यावर चढवली आणि आरशात बघून ओरडली, "आई, यात मी चोरासारखी दिसते!"

"दिसूदे. चोराचे कान तरी गरम राहतात."

दिगंबर ओट्यापाशी उभा राहून हसत होता. स्पितीच्या खोऱ्यात नव्याने उभ्या राहिलेल्या विद्यापीठात शर्वाणीला प्रवेश मिळाला होता. हिमालयात उरल्यासुरल्या हिमनद्यांचं मोजमाप ठेवणारी माणसं देशाला हवी होती आणि ती तिथे तयार होत होती. समुद्राकाठच्या पोरीने बर्फ शिकायला एवढ्या लांब जावं याचं गावाला हसू येई. दिगंबर स्वतः बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर चालवायचा. "आमचाच धंदा पुढे नेते आहे," असं तो भेटेल त्याला सांगे आणि समोरचा हसला, की आणखी ताठ उभा राही.

मोज्यांचा प्रश्न सुटण्यासारखा होता. खरा प्रश्न ओट्यावरच्या काचेच्या बरणीत होता.

शर्वाणीच्या यकृतात जन्मापासून एक एन्झाइम नव्हतं. डाळ, दूध, अंडी, मासे, प्रथिनांच्या प्रत्येक घासातून फेनिलॅलनिन नावाचं एक अमिनो आम्ल शरीरात जातं. इतरांच्या यकृतात त्याची विल्हेवाट लागते. तिच्या रक्तात ते साचत जाई आणि मेंदूत शिरण्याच्या वाटेवर एवढी गर्दी करी, की बाकीच्या गरजेच्या अमिनो आम्लांना आत जायला जागाच उरत नसे. लहानपणी साचलं तर मेंदूची वाढ खुंटते. मोठेपणी साचलं तर लक्ष लागत नाही, चिडचिड होते, साधे शब्द आठवत नाहीत. त्यामुळे मासळीच्या गावात वाढलेल्या या मुलीने सहा वर्षांची होईपर्यंत बांगडा फक्त नाकाने खाल्ला होता.

मग हे विरजण आलं. पुण्याच्या संशोधकांनी दह्यात असतात तसल्या एका जिवाणूत निळ्या-हिरव्या शेवाळातलं एक जनुक बसवलं. हा जिवाणू आतड्यात जाऊन फेनिलॅलनिन मोडायचा आणि त्याचं दालचिनीत असतं तसलं एक निरुपद्रवी आम्ल करून टाकायचा. गोळीत भरण्यासाठी सुकवला, की तो अर्धमेला होई. म्हणून तो जिवंतच ठेवायचा, घरोघरी, उकड्या तांदळाच्या पेजेत, आणि रोज वाटीभर प्यायचा.

जिवंत ठेवणं मात्र जिकिरीचं होतं. ते उसनं जनुक जिवाणूला ओझं होतं. ज्यांच्याकडून ते गळून पडे, ते ओझं नसल्यामुळे भराभर वाढत आणि काही दिवसांत सगळी बरणी निरुद्योगी जिवाणूंनी भरून जाई. त्यावर शास्त्रज्ञांनी एक युक्ती केली होती. वाढायला लागणारा नायट्रोजन या जिवाणूला फेनिलॅलनिन मोडूनच मिळवता येई. पेजेत वरणाचं थोडंसंच पाणी घातलं, की काम करणारे जगत आणि बाकीचे उपाशी राहत. पाणी जास्त पडलं, की काम करणाऱ्यांनी सांडलेल्या नायट्रोजनवर बाकीच्यांचीही चैन. थोडक्यात, विरजण कायम अर्धपोटी ठेवायचं. दिगंबरला हे सर्वात अवघड जाई. तरी अकरा-बारा वर्षं त्याने ते निभावलं होतं. झाकण उघडून नाक जवळ नेलं, की मधासारखा पुसट वास आला पाहिजे. तो आला, की त्याचा दिवस सुरू होई.

आता हे काम शर्वाणीला जमतं, हे सिद्ध व्हायला हवं होतं. पुण्याच्या डॉक्टर नाडगौडांनी अट घातली होती. निघण्यापूर्वी महिनाभर तिने स्वतःची वेगळी बरणी सांभाळायची, तिच्याशिवाय कुणाचाही हात तिला लागता कामा नये. रोज बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर ठेवायचा. आकडा आपोआप पुण्याला जाईल. हिरवा पट्टा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, आणि लाल एकदा जरी आला तरी हे वर्ष घरीच.

"हे बघ," दिगंबरने टेबलाखालून एक पेटी काढली. आत तांब्याची तार, तापमापक, वर झाकण. "बाहेर बर्फ पडूदे. आत वेंगुर्लेच."

शर्वाणीने पेटी उलटसुलट करून पाहिली. जोडकाम सुबक होतं. "बाबा, भारी झालीय. पण तिथे वीज जाते. शिवाय दुसऱ्या सत्रापासून आम्ही हिमनदीवर तंबूत राहणार. पेटी पाठीवर बांधून मी वर चढू का?"

"बॅटरी लावू."

"बॅटरी पण पाठीवर?"

"मग तिथे विरजण कसं ठेवणार तू?"

"बघते," ती म्हणाली आणि विषय बदलला.

तिने आपली बरणी मागच्या पडवीत नेली. पुढे एक दिवस ती मैत्रिणीकडे सावंतवाडीला गेली असताना दिगंबर वाळलेले कपडे काढायला म्हणून पडवीत आला. कोपऱ्यात मासे ठेवायची थर्मोकोलची पेटी दिसली. झाकण उचललं तर आत बर्फाच्या बाटल्या आणि त्यांच्यामधोमध शर्वाणीची बरणी. पेज पाण्यासारखी पातळ, बुडबुडा नाही. त्याने वास घेतला. काहीच नाही.

बर्फ कशासाठी असतो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. उद्या विकायची मासळी आज बर्फात घालतात. पोरीला रोज खाऊ घालायचा कंटाळा आला, म्हणून तिने विरजण बर्फात झोपवलं, असं त्याला वाटलं. आता ते मेलं. उद्या आकडा चढणार.

तो बरणी ओट्यावर घेऊन आला. आपल्या बरणीतलं पळीभर विरजण तिच्यात घातलं, वरणाचं पाणी जरा सढळ हाताने घातलं आणि दुसऱ्या दिवशी ती परतायच्या आत सगळं होतं तसं बर्फात ठेवून दिलं. सुलक्षणालाही सांगितलं नाही.

त्यानंतर शर्वाणीचे आकडे हिरव्याच्या अगदी मध्यभागी येऊ लागले. दिगंबर खूश होता. शर्वाणी नव्हती. ती आकड्याकडे पाही, ओठ चावी आणि पडवीत जाई. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने हाक मारली.

"बाबा, जरा इकडे ये. आई, तू पण."

थर्मोकोलच्या पेटीत दोन काचेचे पेले होते.

"यात ओट्यावरच्या बरणीतलं विरजण आहे. यात माझ्या बरणीतलं. कालपासून दोन्ही सारखीच गार आहेत. बघा."

दोन्ही पेले निपचित होते.

"गारच आहेत तर काय होणार?" दिगंबर म्हणाला.

"मागच्या आठवड्यात माझं याच पेटीत बुडबुडे सोडत होतं. आता सोडत नाही. म्हणजे हे माझं नाही."

"मग कुणाचं?" सुलक्षणाने विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची. उत्तर ठाऊक असतानाही विचारायची तिला सवय होती.

"या घरात विरजण सांभाळणारी माणसं दोनच आहेत, आई."

दोघी त्याच्याकडे वळल्या. दिगंबरने पेल्याकडे पाहिलं. "ते मेलं होतं गं. मला वाटलं, रोजचं खाऊ घालणं चुकवायला तू ते गार करून ठेवलंस. मासे ठेवतात तसं."

"मासे मेलेले असतात, बाबा! हे मेलं नव्हतं. जाताना मी नवी पेज घालून बर्फ वाढवला होता, म्हणून हळू चाललं होतं." ती पेटीशेजारी मांडी घालून बसली. आवाज चढला होता, तो तिने खाली आणला. "एका बरणीत कोट्यवधी जिवाणू असतात. सगळे सारखे नसतात. काहींना गारवा कमी बाधतो. गारठ्यात ठेवलं, की तेच थोडे वाढतात. त्यातलं चमचाभर पुढच्या पेजेत घातलं, की पुढच्या बरणीत त्यांचीच प्रजा जास्त. दर वेळी मी बर्फाची एक बाटली वाढवत होते. तिथल्या खोलीएवढ्या गारव्यात ते काम करायला लागले होते. पेटी नको, बॅटरी नको. नाडगौडा मॅडमना माहीत होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"जमल्यावर सांगणार होते. नाहीतर तू सारखा झाकण उघडून बघत बसला असतास."

ते खरं होतं. त्याने विचारलं, "मी ते रात्रभर ओट्यावर ठेवलं. त्याने काय झालं?"

"उबेत तुझे तासाला दुप्पट होतात. माझे गर्दीत हरवले."

"म्हणजे आहेत अजून?"

"असतील थोडे. परत गार ठेवलं तर तेच वर येतील. पण वेळ लागेल, आणि वेळच नाहीये."

सुलक्षणा नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही कारखान्यात दुसऱ्याच्या पाळीत त्याचा कॉम्प्रेसर जाऊन फिरवता का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"मग?"

दुपारी डॉक्टर नाडगौडांचा फोन आला. पडद्यावर त्या प्रसन्न दिसत होत्या. "शर्वाणी, या आठवड्याचे आकडे सुरेख आहेत. मी आजच परवानगी द्यायला तयार आहे."

दिगंबर पडद्याबाहेर भिंतीला टेकून उभा होता. एक 'हो' म्हटलं, की झालं. शर्वाणीच्या हातात त्याचीच बरणी द्यायची, पेटी द्यायची, पुढचं पुढे बघता येईल.

"मॅडम, ते आकडे माझे नाहीत," शर्वाणी म्हणाली. "घरातलं दुसरं विरजण माझ्या बरणीत मिसळलं. निष्काळजीपणा नव्हता, काळजी होती."

डॉक्टर पडद्याजवळ सरकल्या. "काळजीचा निकाल मला देता येत नाही गं."

"म्हणून तर सांगितलं."

"नव्याने सुरुवात करावी लागेल. राहिलेत तेवढ्याच दिवसांत. गारव्यातल्याच बरणीवर, कारण तिकडे तीच वापरणार आहेस. आणि लाल आला तर थांबायचं. कबूल?"

"कबूल."

फोन बंद झाला तेव्हा दिगंबरला हसावं की रडावं कळेना. पोरीने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता आणि त्याची छाती मात्र शर्टात मावत नव्हती.

तो पुढे झाला. "थर्मोकोलमध्ये गारवा वरखाली होतो. बाटली वितळली, की चढतो. कारखान्यात बर्फाच्या लाद्या ठेवायच्या खोलीबाहेर एक बोळ आहे. तिथे तापमानाचा काटा हलत नाही. मी मालकांना विचारतो." मग घाईघाईने म्हणाला, "मी हात लावणार नाही."

"शपथ?"

"शपथ कशाला? मी सांगतोय ना."

"बाबा."

"बरं, शपथ."

बोळातल्या फळीवर बरणी आली. शर्वाणी सकाळ-संध्याकाळ सायकलवरून येई, कानटोपी घालून आत जाई, चमचाभर जुनं नव्या पेजेत घाली आणि वाटीभर पिऊन निघून जाई. उरलेला दिवसभर बरणी आणि दिगंबर एकमेकांसमोर.

लाद्या ओढणारा बाबल येता-जाता डोकावे. "दिगंबरा, तुझ्या चेडवान हय काय ठेवल्यान? हलना नाय, डुलना नाय. मेला काय ता?"

"हळू चाललंय," दिगंबर सांगे. सांगताना त्यालाच ते खोटं वाटे.

आकडा चढू लागला. आधी हिरव्याच्या कडेला, मग पिवळ्यात. शर्वाणी दोनदा सायकलला कुलूप लावायला विसरली. एका दुपारी दिगंबरशी बोलता बोलता ती थांबली आणि कॉम्प्रेसरच्या झडपेकडे बोट दाखवून उभी राहिली. तो शब्दच तिला आठवत नव्हता.

"झडप," तो म्हणाला.

"माहितीये मला! असं बघू नकोस माझ्याकडे!"

ती पाय आपटत बोळात गेली. त्याला ती सहा वर्षांची आठवली, आमटीची वाटी कुणीतरी चुकून पुढे केली होती त्यानंतरची, दिवसभर कारणाशिवाय रडणारी. घरी ओट्यावर त्याची बरणी होती. त्यातली वाटीभर पेज प्यायली, तर उद्यापर्यंत आकडा उतरला असता. यात चूक झाली, तर किंमत बरणीला नव्हे, पोरीच्या मेंदूला मोजावी लागणार होती. तो तिच्या मागोमाग बोळात गेला.

शर्वाणी फळीसमोर उभी होती.

"काय करायचं ठरवलंयस?" त्याने विचारलं. फक्त विचारलं, हे त्याचं त्यालाच नवीन होतं.

"डाळ आणि भाजणी बंद. नुसती पेज, केळी, काकडी. आणि विरजणाचं वरणाचं पाणी निम्मं करायचं."

"निम्मं? अगं, ते आधीच मरायला टेकलंय!"

"दिसतं तसं. सढळ घातलेल्या पाण्याने निरुद्योगी वाढलेत, तेच खाऊन बसतात. ते उपाशी राहिले, की कामाचे वर येतील."

दिगंबरने तिच्या डोळ्यांत पाहिलं. "रागावू नकोस. तुझं डोकं आत्ता ठिकाणावर आहे का, एवढंच सांग."

ती खरोखर विचार करत राहिली. "पूर्ण नाहीये," ती म्हणाली. "मला ते कळतंय. म्हणूनच आकडा पिवळा झाला तर काय करायचं, ते मी हिरवा असतानाच ठरवून ठेवलं होतं. आईने सगळा हिशेब तपासलाय. आता मी काही नवं ठरवत नाहीये, फक्त तसं वागतेय."

"आणि लाल झाला तर?"

"लालच्या आधीच तुझी बरणी. मी स्वतः मागेन."

आपण एवढी वर्षं विरजण सांभाळलं, पण आपलं डोकं चालेनासं होईल त्या दिवसाची तजवीज कधी केली नव्हती. या पोरीने ती केली होती. "बरं," तो म्हणाला आणि यंत्राकडे परत गेला.

पुढचे दिवस त्याने कॉम्प्रेसरचा प्रत्येक नट घट्ट करण्यात घालवले. जे घट्ट होते तेही. आकडा पिवळ्यात अडकला होता, वर नाही, खाली नाही. सुलक्षणा घरी केळी सोलून देई आणि लेकीच्या चिडण्याला एका शब्दाने उत्तर देत नसे. शर्वाणीने त्याची बरणी मागितली नाही.

मग एका सकाळी लाद्या काढायच्या घाईत तो बोळातून चालला होता आणि थबकला. काचेच्या आतल्या कडेला, पेजेच्या वरच्या रेषेवर, मोहरीपेक्षा बारीक बुडबुड्यांची एक माळ लागली होती. त्याच्या डोळ्यांदेखत एक बुडबुडा सुटला आणि वर आला.

झाकण उघडून वास घ्यावा, असं त्याला इतकं वाटलं, की नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. त्याने फोन लावला.

"शर्वू, ये."

"काय झालं? बाबा, काय झालं?"

"मी सांगणार नाही. तूच येऊन बघ."

ती सायकल जमिनीवर टाकून धावत आली. तिने झाकण उघडलं, नाक जवळ नेलं, डोळे मिटले. मग बरणी त्याच्यापुढे धरली. "घे. आता घे वास."

बोळातल्या गारठ्यात मधासारखा तो पुसट वास त्याच्यापर्यंत पोचला. बाबल लादी अर्धवट सोडून बघत होता. "जिता आसा मगे," तो म्हणाला.

"तिने जगवलंय," दिगंबर म्हणाला.

निघण्याच्या आधीच्या सगळ्या दिवसांत आकडा हिरवा राहिला. डॉक्टर नाडगौडांनी परवानगी दिलीच, वर त्या गारव्यातल्या विरजणाचा नमुना प्रयोगशाळेसाठी मागून घेतला. कुडाळ स्टेशनवर गाडी आली तेव्हा शर्वाणीने बरणी बर्फाच्या एका बाटलीसोबत कापडी पिशवीत घालून नुसती खांद्याला लटकवली होती, शाळेत डबा नेत असे तशी. दिगंबरने बाकीचं सगळं सामान चढवलं. त्या पिशवीला तो हात लावायला गेला नाही.

हिवाळ्यात एका रविवारी तिचा फोन आला. पडद्यावर ती कानटोपीत होती. मागे मातीच्या भिंती, धुराने काळवंडलेलं छत, आणि लोखंडी शेगडीजवळ बसलेला एक रुंद चेहऱ्याचा माणूस. त्याच्या मांडीवर तीन-चार वर्षांची गुबगुबीत मुलगी.

"बाबा, हे छेरिंगजी. वरच्या गावात राहतात. त्यांच्या दोल्माला माझ्यासारखंच आहे. इथे वीज नाही म्हणून आजवर तिला विरजण देता येत नव्हतं, नुसत्या पथ्यावर होती. मॅडमनी तपासण्या करून आमचं गारव्यातलं विरजण तिच्यासाठी मंजूर केलं." ती 'आमचं' म्हणाली हे दिगंबरने बरोबर ऐकलं. "पण एक घोटाळा झालाय."

"कसला?"

"मी खोलीच्या कोपऱ्यात ठेवून जाते आणि हे उचलून शेगडीजवळ ठेवतात. दोनदा वाया गेलं. म्हणतात, थंडीने मरेल बिचारं. मी समजावून दमले. मी त्यांना पोर वाटते. तू सांग."

"मी? मला त्यातलं शास्त्र कुठे येतं?"

"शास्त्र मी सांगितलंय. बापाने काय करायचं, ते तू सांग."

तिने फोन त्या माणसाच्या हातात दिला. दिगंबरने खुर्ची पुढे ओढली. सुलक्षणा हात पुसत मागे येऊन उभी राहिली. त्याचं हिंदी कामापुरतंच होतं.

"नमस्ते छेरिंगजी. बरनी किधर है अभी?"

त्या माणसाने फोन जरा खाली केला. बरणी शेगडीला खेटून होती आणि त्याचा तळवा तिच्या झाकणावर होता, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. दिगंबरला एकदम त्याच्याबद्दल माया वाटली.

"कोने में रखो," तो म्हणाला. "हाँ, उधर. और दूर. अब हाथ निकालो."

छेरिंगने हात काढला. काढलेला हात कुठे ठेवावा, हे त्याला कळेना. "फिर क्या करूँ?" त्याने विचारलं.

"कुछ नहीं."

"कुछ नहीं?"

"बहुत मुश्किल है, मालूम है मेरेको," दिगंबर म्हणाला. "बैठो. मैं भी बैठता हूँ आपके साथ."